रॉडच्या गाईडवर मीठ साचू नये म्हणून

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मुलीकडे टोरांटोला गेलो होतो. जावई हौशी. भल्या पहाटे मला एका नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, घेऊन गेला. हवा उणे सहा अंश. दहा-बारा वेळा दोरा फेकून झाला आणि तो अडकायला लागला. बघतो तर रॉडच्या टोकाच्या कडीत बर्फाचा मणी तयार झालेला आणि त्यातून दोरा जेमतेम सरकतोय. जावयाने खिशातून ओठांना लावायचं मलम काढलं, एकेका कडीला बोटाने आतून-बाहेरून फासलं आणि म्हणाला, "बाबा, आता थोडा वेळ तरी चिंता नाही."

मुंबईत परतल्यावर मी हीच अक्कल गोराईच्या किनाऱ्यावर चालवली. इथे बर्फ नाही, पण मीठ तरी धरणार नाही, असा माझा हिशोब. घरून निघताना सगळ्या गाईडना, म्हणजे दोरा ज्यांतून जातो त्या कड्यांना, व्हॅसलीन लावलं. दोन तासांत प्रत्येक कडीला ओल्या वाळूची मिशी फुटली आणि नवाकोरा ब्रेडेड (विणलेला) दोरा हाताला केसाळ लागायला लागला. शेजारी गरवत बसलेले एक कोळी काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काठीला लोणी कशाला फासलंस रं? घरी जाऊन नळाखाली धर तिला."

त्या दिवसापासून रॉड कसा सांभाळायचा हे मी नीट शिकलो. तुम्ही नव्याने या नादाला लागला असाल, तर माझे दोन रॉड ज्यात गेले त्यात तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी दुखणं काय ते समजून घ्या. दोरा गुंडाळताना तो समुद्राचं पाणी अंगावर घेऊन येतो. गाईडचं काम दोऱ्याला वाट देण्याचं, पण येणाऱ्या दोऱ्यावरचं पाणी ती निपटूनही घेते. टोरांटोत हे पाणी गोठतं, मुंबईत ते वाळतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि प्रत्येक फेकीला थेंब-थेंब करून ते त्याच कड्यांवर येऊन बसतात.

बरं, वाळतं म्हटलं तरी ते पूर्ण वाळत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं म्हणून आजी त्यात तांदळाचे दाणे टाकायची, ते आठवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. मुंबईची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे रॉड सुकलाय असं तुम्हाला वाटतं तेव्हाही कडीच्या बुडाशी खारट ओल तशीच असते, आणि गंज तिथूनच धरतो.

लागणारं सामान

यातलं बहुतेक घरातच सापडेल.

– बादली आणि मग
– जुना मऊ टूथब्रश
– कान साफ करायच्या कापसाच्या काड्या
– जुन्या बनियनचा किंवा सुती साडीचा तुकडा
– गाडीच्या पॉलिशचं मेण (छोटी डबी वर्षानुवर्षं पुरते)
– पांढरी मेणबत्ती
– लायटर आणि गरम करून लावायच्या गोंदाची एक कांडी
– टोकाची एक जादा कडी, आपल्या रॉडच्या मापाची
– रॉड खरेदीचं बिल

बिलाचं हसू नका. नव्या रॉडची कडी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच निसटली तर दुकानदार पहिलं तेच मागतो. माझ्याकडे नव्हतं.

१. आपल्या रॉडच्या कड्या ओळखा

एकेक गाईड उजेडात धरून बघा. त्याचे तीन भाग असतात. बाहेरची धातूची चौकट, आत बसवलेली गुळगुळीत चकती आणि रॉडवर टेकणारा पाय. पायावर दोरा गुंडाळून वर काचेसारखं इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) चढवलेलं असतं.

आतली चकती बहुधा सिरॅमिकची असते, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा महागड्या रॉडवर सिलिकॉन कार्बाइड. ती गंजत नाही आणि मिठाने झिजत नाही. कठीणपणाच्या मोहस मापावर मीठ अडीचच्या आसपास, वाळूतलं क्वार्ट्झ सात, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड नऊ. म्हणजे वाळूसुद्धा चकतीला सहज ओरखडत नाही, ती खाते तुमच्या दोऱ्याला. चकतीला भीती असते ती आपटण्याची. खडकावर रॉड पडला की तिला केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दोऱ्याला ब्लेडसारखी कापते.

गंजते ती चौकट. दुकानदार छातीठोकपणे सांगेल, "स्टेनलेस आहे, काही होत नाही." होतं. स्टेनलेस स्टील टिकतं ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतला ऑक्सिजन मिळाला की क्रोमियम पोलादावर एक अदृश्य कवच धरतं. मिठातलं क्लोराइड त्या कवचाला टोचे मारतं. आणि जिथे हवा पोचत नाही, म्हणजे पायावरच्या दोऱ्याखाली, तिथे मोडलेलं कवच पुन्हा धरतच नाही. म्हणून वरून चकचकीत दिसणारा गाईड पायाशी तांबूस होतो. ३१६ जातीच्या पोलादात मॉलिब्डेनम असतं, ते ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. टायटॅनियमची चौकट तर समुद्राला दादच देत नाही, पण तिची किंमत बघून मी आजवर दुकानातून तसाच परत आलोय.

लोहचुंबक लावून स्टेनलेसची पारख करायची युक्ती बरेच जण सांगतात. तिच्यावर विसंबू नका. चांगलं ३०४ सुद्धा वाकवून घडवलं की चुंबकाला थोडं चिकटतं.

२. निघायच्या आदल्या रात्री मेण लावा

व्हॅसलीन नाही, खोबरेल नाही, शिलाई मशीनचं तेल तर नाहीच. ओशट राहणारं काहीही आपल्या किनाऱ्यांवर वाळू गोळा करतं. गाडीचं मेण मात्र लावून पाच-दहा मिनिटं ठेवलं आणि कोरड्या फडक्याने पुसून काढलं की कोरडं, गुळगुळीत अस्तर उरतं. त्यावर पाणी थेंब होऊन गळून पडतं. चौकट आणि पायावरचं इपॉक्सी, दोन्हींवर लावा. कापसाच्या काडीने चकतीच्या कडेलाही फिरवा, कारण चकती आणि चौकट यांच्या मधली फट ही मिठाची सगळ्यात आवडती जागा. चार-पाच फेऱ्यांनंतर पुन्हा लावायचं.

रॉड दोन तुकड्यांचा असेल तर सांध्याच्या नराला, म्हणजे दुसऱ्या तुकड्यात शिरणाऱ्या टोकाला, मेणबत्ती हलकेच घासा. याचा उपयोग परतताना कळतो.

३. किनाऱ्यावर असताना

रॉड वाळूवर आडवा ठेवायचा नाही. हा एक नियम पाळलात तरी बरंच साधेल. मनोरी-गोराईला वाळूत रोवायला पाइपचा तुकडा न्या. वरळी किंवा बँडस्टँडच्या खडकांवर गेलात तर रॉड कपारीत टेकवताना गाईडची बाजू वर ठेवा.

दोरा कुठला, यानेही फरक पडतो. ब्रेडेड दोरा वेणीसारखा विणलेला, म्हणून तो पाणी पोटात घेऊन येतो. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, एकसंध असतो, त्याच्यावरचं पाणी वरच्या वर ओघळतं. नवखे असाल तर पहिले सहा महिने तंगूसच वापरा. दोरा कमी गुंततो, मीठ कमी येतं आणि तुटला तर जीव जळत नाही. (शिवाय फोनवर दुकानदाराशी "दीडशे मीटर ब्रेड" बोलताना ऐकून घरी तुम्हाला कोणी वेड्यात काढत नाही.)

गोड्या पाण्याची एक बाटली जवळ ठेवा. आवरायच्या आधी टोकाच्या कडीवर आणि तिच्या खालच्या दोन कड्यांवर थोडं पाणी ओता. सगळ्यात जास्त मीठ याच तिघींवर असतं.

४. परतीचा प्रवास

रॉडला सगळ्यात जास्त मार बसतो तो लोकलमध्ये. उभा रॉड घेऊन गर्दीत शिरलात की कुणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात गाईड अडकणार आणि वाकणार. वाकलेली चौकट पकडीने सरळ करता येते, पण तोवर आतली चकती बहुधा निखळलेली असते. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून घ्या. एका टोकाला झाकण कायमचं, दुसऱ्याला काढघालीचं. अंगाला चार-सहा भोकं पाडा, नाहीतर आत ओल कोंडते.

आणखी एक, ही गाईडची नाही, जिवाची गोष्ट. कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक असतो. रेल्वेच्या वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. फलाटावर किंवा पुलावर जोडलेला रॉड उभा धरून चालू नका. स्टेशनात शिरायच्या आधीच तुकडे वेगळे करा. आकाशात वीज कडाडत असेल तेव्हाही हेच.

सांधा अडकला तर गाईडना धरून पिळू नका. नवखे हमखास हेच करतात, कारण हाताला पकड तिथेच मिळते. माझा पहिला रॉड मी असाच घालवला, मार्व्याच्या जेट्टीवर, मागे बोटीची रांग ओरडत असताना. खाली अर्धवट बसा, रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा घ्या, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून सांध्याच्या दोन बाजूंना धरा आणि गुडघे हळूहळू फाकवा. सरळ ताण बसतो आणि सांधा सुटतो. मेणबत्ती लावली असेल तर ही कसरत करावीच लागत नाही.

५. त्याच रात्री धुवा

दुसऱ्या दिवशी सकाळी नको. त्याच रात्री. कितीही दमला असाल, ताजा मासा साफ करायचा असेल, तरीही.

रीळ रॉडवरच असेल तर आधी त्याचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ताणाला सुटावा ते ठरवणारी कळ, घट्ट करा, म्हणजे आतल्या चकत्यांत पाणी जात नाही. मग बाथरूममध्ये रॉडचे दोन्ही तुकडे तिरके टेकवा आणि मगाने वरून खाली हलक्या धारेने पाणी सोडा. कोमट असेल तर उत्तम, मीठ लवकर विरघळतं. जेट स्प्रे वापरू नका. त्याच्या जोराने मीठ बाहेर यायच्या ऐवजी फटींत आणि रिळाच्या पोटात जाऊन बसतं.

पाणी कुठलं, हेही बघा. महापालिकेच्या नळाला येतं ते तानसा-भातसाचं, तलावांचं गोडं पाणी. पण किनाऱ्याजवळच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमच्या एका नळाला बोअरिंगचं पाणी असतं आणि ते मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मिठावर मीठ. मी दोन वर्षं तेच करत होतो. गाईडवर पांढरे डाग राहायचे आणि मी नव्या-नव्या साबणांना दोष देत होतो. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून बघा, लगेच कळेल.

आता एकेक कडी. टूथब्रशला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावा आणि पायाच्या भोवती, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, चकतीच्या कडेने फिरवा. माझ्या रॉडला टोक धरून आठ कड्या आहेत, एकीला वीस सेकंद. जुना पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने दोन मिनिटं लावून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगर तसंच वाळू देऊ नका. तारेचा काथ्या, घासणीची हिरवी बाजू, भांडी घासायची पावडर यांतलं काही गाईडला लावायचं नाही. ओरखडा पडला की पुढचं मीठ तिथेच घर करतं.

दोराही धुवा, नाहीतर पुढच्या वेळी पहिल्याच फेकीत तो सगळं मीठ पुन्हा कड्यांवर आणून ठेवेल. ड्रॅग घट्टच ठेवून रिळावर मगभर पाणी सावकाश ओता आणि झटकून टाका. ब्रेडेड असेल तर महिन्यातून एकदा वापरलेला भाग उलगडून बादलीत तासभर भिजवा. आमच्याकडे ही बादली कपडे भिजवायच्या बादलीपेक्षा वेगळी असते. ती का, हे विचारू नका.

६. वाळवणं आणि ठेवणं

सुती फडक्याने पुसा आणि पंख्याखाली रात्रभर उभा ठेवा. उन्हात तापवू नका. वाळल्यावर रिळाचा ड्रॅग सैल करा. रॉडसोबत मिळालेलं कापडी कव्हर फक्त प्रवासापुरतं. ओला रॉड कव्हरात घालून माळ्यावर टाकला तर महिनाभराने जे निघतं ते बघवत नाही. आणि कव्हरच खारं झालेलं असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही, तेही धुवा.

जागेची अडचण सगळ्यांनाच. दाराच्या मागे दोन हुक मारून रॉड उभा टांगा. समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ मात्र नको. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलात पाठ केले होते, त्यातले खारे वारे दुपारपासून मीठ घेऊन घरात येतात. खिडकीच्या ग्रिलची दशा बघा, म्हणजे पटेल.

७. महिन्यातून एकदा तपासा

कापसाची काडी प्रत्येक चकतीच्या आतून गोल फिरवा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी तिथे चीर आहे असं समजा. त्या कडीतून दोरा घालायचा नाही. मोठा मासा नेमका अशाच वेळी लागतो. माझा जिताडा असाच गेला. किती मोठा होता ते सांगत नाही, गेलेला मासा वाढतच जातो.

पायाशी तांबूस रेघ दिसली किंवा इपॉक्सीला तडा गेला असेल तर तो गाईड काढून पुन्हा बांधावा लागतो. हे काम घरी जमतं, पण पावसाळ्यात करू नका. दमट हवेत इपॉक्सीवर पांढुरकं, चिकट धुकं येतं आणि ते पक्कं होत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईतला त्याचा हंगाम. पहिला गाईड माहीतगाराकडून बांधून घ्या आणि शेजारी बसून बघा.

टोकाची कडी मात्र स्वतःच बदला. रॉडच्या टोकावर चढलेल्या तिच्या नळीला, फक्त नळीला, लायटरने जराशी ऊब द्या आणि सरळ ओढा. कार्बनला आच लागू देऊ नका. जुना गोंद खरवडा. नव्या कडीच्या नळीचं आतलं माप मिलिमीटरमध्ये बघून घ्या. कडीचा घेर आणि नळीचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात याच ठिकाणी चूक होते. गोंदाची कांडी वितळवून टोकाला एक थेंब लावा, कडी बसवा आणि गोंद गरम आहे तोवर खालच्या गाईडच्या रेषेत आणा. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर कडी रेषेत आणायला वेळच मिळत नाही आणि पुढच्या वेळी ती सुखासुखी निघतही नाही.

८. थंड प्रदेशात गरवायला जाणार असाल तर

मुलं परदेशात असलेले बरेच जण रॉड बरोबर नेतात, म्हणून हे. तिथे नदी-सरोवराच्या गोड्या पाण्याला शून्य अंश पुरतात. समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं.

इथे वर्ज्य असलेलं मलम तिथे चालतं. थंडीत बहुतेक वेळा वाळू उडत नाही आणि ओशट थरावर बर्फ घट्ट धरत नाही. ओठांचं मलम, स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा, सिलिकॉनचा फवारा, काहीही. ते तासाभरात उतरतं, म्हणून डबी आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात तीच गोठते. फ्लाय फिशिंगचा दोरा असेल तर पेट्रोलियमचं काही लावू नका, त्याच्या वेष्टनाला ते सोसत नाही. ब्रेडेड घरी ठेवा, तंगूस न्या. बारीक कड्यांचा रॉडही नको. भोक जितकं लहान तितकं ते लवकर बुजतं.

आणि बर्फ धरलाच तर नखाने किंवा चिमटीने फोडू नका. रॉडचं नाजूक टोक त्याच्याबरोबर तुटतं, किंवा चकती निसटून बर्फासकट नदीत जाते. रॉडचं टोक नदीच्या पाण्यात बुडवून धरा. वाहतं पाणी सहसा शून्याच्या वरच असतं, म्हणजे त्या हवेपेक्षा गरमच. बर्फ आपोआप सुटतो. बाहेर काढल्यावर एक झटका द्यायचा आणि लगेच दोरा फेकायचा. जावई हे करत होता तेव्हा मला वाटलं, रॉड धुतोय.